मोजके डबे, भरलेलं ताट: काटकसरीत नीट जेवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहतो. माहेर मोहोळकडचं, त्यामुळे ज्वारी अंगवळणी पडलेली. सात वर्षांपूर्वी घर बदलताना स्वयंपाकघरातले एक्केचाळीस डबे-बरण्या मोजल्या आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या वस्तूंना वर्षभर हात लागला नव्हता. तेव्हापासून आम्ही थोडक्या जिन्नसांत राहतो. मैत्रिणी, शेजारणी, भाचरं जे प्रश्न सारखे विचारतात, त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्या जिन्नसांतलं खाणं म्हणजे कमी खायचं का?

अजिबात नाही. कमी करायचे ते डबे, पाकिटं, भांडी आणि रोज संध्याकाळी "आज काय करू" म्हणून होणारी चिडचिड. ताट कमी करायचं नाही. आमचा किराणा आटोपशीर झाल्यावर जे पैसे वाचले ते आम्ही डाळ, पालेभाजी, फळं आणि दुधाकडे वळवले. महिन्याचं बिल उतरलं आणि ताटातली भाजी वाढली. भाजी वाढली नसती तर त्या काटकसरीचं मला काही कौतुक वाटलं नसतं.

घरात डबे भरलेलेच आहेत. सुरुवात कुठून करू?

नवीन काही आणू नका. एक महिना फक्त घरात आहे तेच संपवा. दूध, भाजी, फळं तेवढी बाहेरून. अर्धी वाटी साबुदाणा, मूठभर चवळी, तळाला राहिलेला दलिया असं सगळं खिचडीत, थालीपिठात, आंबोळीत खपतं. चार-पाच तऱ्हेची उरलेली धान्यं आणि डाळी कोरड्याच भाजून, धणे-जिरे घालून गिरणीतून दळून आणल्या की भाजणी तयार होते. आमच्या पहिल्या महिन्यातून दीड किलो भाजणी निघाली. वास येणारं, जाळी धरलेलं मात्र खुशाल टाकून द्या. खवट दाणे पोटात ढकलून कुणाचे पैसे वाचत नाहीत.

दोन माणसांना महिन्याला नेमकं किती लागतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला सुमारे २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाचं ताट सांगितलं आहे. त्यात धान्य साधारण २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. याला दोन माणसं आणि तीस दिवसांनी गुणलं की किराण्याची यादी आपोआप समोर येते. धान्य १५ किलो, डाळी-कडधान्यं ५ किलो, तेल-तूप पावणेदोन लिटरच्या आसपास, दाणे-तीळ २ किलो.

आमच्या घरात ते असं बसतं: ज्वारी ७ किलो, गहू ४, तांदूळ ३, आणि एक किलो नाचणी किंवा हिवाळा असेल तर बाजरी. तूरडाळ दीड किलो, मूगडाळ एक, हरभराडाळ अर्धा (तिचंच बेसन दळून आणते), मटकी, मसूर, चवळी आणि हरभरे मिळून दोन. दाणे दीड किलो, तीळ-कारळं-जवस मिळून अर्धा किलो. गूळ एक किलो पुरून उरतो, मीठ आयोडीनयुक्त. मसाल्यांत हळद, तिखट, धणे, जिरे, मोहरी, हिंग आणि वर्षाचा काळा मसाला. बस्स.

ही यादी पहिल्यांदा लिहिली तेव्हा मी दचकले होते. आम्ही दोघं महिन्याला चार लिटर तेल वापरत होतो आणि डाळ जेमतेम दोन किलो. बहुतेक घरांत हेच दिसेल. तेलाचा डबा लवकर रिकामा होतो, डाळीचा तसाच भरलेला. खर्च न वाढवता एकच बदल करायचा असेल तर तो इथे करा. निम्म्या तेलाच्या पैशांत बरीच डाळ येते.

ज्वारीच का? गहू स्वस्त पडतो.

रेशनच्या हिशेबाने गहू-तांदूळ स्वस्त पडतो, हे खरं आहे. ज्यांना मिळतो त्यांनी तो जरूर घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. ज्वारी मी दोन कारणांसाठी धरून आहे. भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, आणि भाकरीला तेल लागत नाही. मालदांडी वाणाच्या ज्वारीची भाकरी तर नुसत्या शेंगाचटणी-दह्याबरोबर जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती काळी खोल जमीन, परतीच्या पावसाची ओल आणि थंडीतल्या दवावर वाढणारं पीक. पुण्याच्या दुकानात तीच ज्वारी जानेवारी-फेब्रुवारीनंतर ताजी येते. वर्षाचं धान्य भरायचं असेल तर तेव्हा भरा.

भाकरी थापताच येत नाही, तुटते. काय चुकतं?

बहुतेकदा पीठ जुनं असतं. आमच्याकडे म्हणतात, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा. बाजरीचं तर त्याहून कमी, कारण बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने पीठ लवकर कडू होतं.

एका भाकरीला मूठभर पीठ परातीत घ्या. मधे आळं करा, त्यात उकळतं पाणी ओता, चमच्याने कालवा आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. मग तळहाताच्या टाचेने रगडून मळा. गोळ्याच्या कडेला चिरा दिसल्या तर अजून मळायला हवं. परातीत कोरडं पीठ भुरभुरून बोटांनी गोल फिरवत थापायची. पिठाची बाजू वर ठेवून तापलेल्या तव्यावर टाकायची आणि लगेच त्या बाजूला ओल्या हाताने पाणी फिरवायचं. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी उलटायची. हा क्षण चुकला की भाकरीला चिरा पडतात. खालची बाजू भाजली की तवा बाजूला करून विस्तवावर धरायची, पापुद्रा टम्म फुगतो. माझ्या नवऱ्याला जमायला तीन आठवडे लागले. तोवर आम्ही ज्वारीची धिरडी आणि कण्या खाल्ल्या. पोषण तेच.

शाकाहारी माणसाला प्रोटीनची पावडर लागते का?

धडधाकट माणसाला लागत नाही. प्रौढांसाठी शिफारस आहे वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची. म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम. आता ताट मोजू. तीन भाकऱ्यांचं दीडशे ग्रॅम पीठ १५ ग्रॅम देतं. पन्नास ग्रॅम तांदळाचा भात ४. चाळीस ग्रॅम मटकीची उसळ ९. तीस ग्रॅम तूरडाळीचं वरण साडेसहा. दिवसभरात मूठभर दाण्याचं कूट किंवा चटणी ७. एक वाटी दही ६. झाले साडेसत्तेचाळीस, तेही एकही पाकीट न फोडता.

भाकरी आणि डाळ एका जेवणात असावी, यालाही कारण आहे. ज्वारीत लायसिन नावाचं एक अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत जे कमी पडतं ते धान्यातून येतं. पण हे सगळं उसळ रोज पडली तरच. "आज भाजी आहे ना, मग उसळ कशाला" असं म्हणायला लागलं की बेरीज साडेअडतिसावर येते. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीची मुलं, आजारातून उठलेली माणसं यांची गरज वेगळी असते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मोड आणायला वेळ कुणाला आहे?

हाताला काम पाच मिनिटांचं आहे. सकाळी ऑफिसला जाताना वाटीभर मटकी भिजत घाला. रात्री पाणी काढून ओल्या पंच्यात सैल बांधा आणि पुरचुंडी चाळणीत ठेवून वर ताट झाका. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड दिसतात. पुण्याच्या डिसेंबरात मात्र दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबावं लागतं, मी तेव्हा पुरचुंडी बंद कुकरमध्ये ठेवते. वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात. मोड आल्यावर क जीवनसत्त्व वाढतं आणि कडधान्यातलं लोह शरीराला जास्त लागू पडतं. उसळीवर लिंबू पिळा, त्यानेही तेच साधतं. जेवण झाल्याझाल्या चहा पिऊ नका, चहा लोह अडवतो. तासाभराने प्या.

भाज्या एवढ्या महाग असताना रोज ४०० ग्रॅम कशी परवडेल?

मोसम सोडून घेतली तर नाहीच परवडणार. मे महिन्यात मटार आणि ऑगस्टात फ्लॉवर मागितला तर दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात आणि चवही नसते. मंडईत ज्या भाजीचे ढीग सगळ्यात मोठे, ती त्या आठवड्याची भाजी. हिवाळ्यात मेथी, गाजर, मुळा, वालपापडी, हरभऱ्याचा पाला. उन्हाळ्यात भोपळा, गवार, काकडी, कैरी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली. आदिवासी बायका रस्त्याच्या कडेला वाटे लावून बसतात, त्यांच्याशी बोला, भाजी कशी करायची तेही त्या सांगतात. टाकळा असाच एका मावशींकडून शिकले. कोवळाच घ्या, निबर झाला की कडू लागतो. ओळख नसलेली रानभाजी मात्र स्वतः खुडून आणू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे टाकून देतो त्यातलं किती खाण्याजोगं असतं ते पाहा. मुळ्याचा पाला, बिटाचा पाला, फ्लॉवरची आतली कोवळी पानं बेसन लावून सुकी छान होतात. दोडक्याच्या शिरा तीळ घालून परतल्या तर दोन दिवसांची चटणी. दुधीच्या सालीचंही तसंच. शेवग्याचं झाड सोसायटीत असेल तर पाला बहुतेक फुकट मिळतो. मूगडाळ घालून त्याची भाजी करा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा, वाल, भात अशी कितीतरी गावठी बियाणी जपली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यामुळे मला घेवड्यातही किती प्रकार असतात ते कळलं. जिन्नस मोजके ठेवायचे म्हणजे वर्षभर तीच बटाट्याची भाजी, असा अर्थ घेऊ नका. घरात एका वेळी चार भाज्या ठेवा, पण महिन्याला त्या बदलू द्या.

तेल कोणतं?

जे तुमच्या भागात पिकतं ते, आणि मोजून. आमच्याकडे शेंगदाणा, थोडं करडई. घाण्याचं महाग पडतं. पण आम्ही वापर निम्म्यावर आणल्यामुळे परवडतं. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हा गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा आणि मंडळींनी घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यांचाच आग्रह धरला होता. त्यात पोषण होतं आणि गावातल्या तेल्याला कामही होतं. घाण्याचं परवडत नसेल तर साधं रिफाइंड घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. फक्त तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका.

ओट्स, किनोआ, चिया घ्यायला हवेत का?

गरज नाही. ज्वारी, नाचणी, राजगिरा, जवस, अळीव आपल्याकडे आहेत. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आवडतात म्हणून ओट्स खायचे तर खा.

दूध, अंडी, मासे काटकसरीत बसतात का?

अंडी नक्की बसतात. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आहेत आणि पाच मिनिटांत जेवण होतं. कोकणातल्या माझ्या जावेच्या घरी पावसाळ्याआधी सुकट, जवळा, बोंबील भरून ठेवतात; मूठभर जवळ्यात घरभराचं कालवण होतं. ताजी सुरमई रोज कुणाला परवडते? बांगडा, मांदेली मात्र परवडतात.

जे पूर्ण शाकाहारी आहेत त्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावं. ते वनस्पतीतून मिळत नाही. दूध-दही रोज पोटात जात नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, थकवा जात नसेल तर रक्त तपासा. मी स्वतः हे दोन वर्षं टाळलं, "आपण तर सगळं घरचं खातो" या भरवशावर. शेवटी गोळ्या घ्याव्या लागल्या.

भांडी किती ठेवायची?

आमच्याकडे कुकर, त्यातले तीन डबे, लोखंडी तवा, लोखंडी कढई, एक पातेलं, परात, मिक्सर. कुकरचा हिशेब नीट बसवला की गॅस वाचतो. खाली भिजवलेली डाळ, मधे तांदूळ, वर बटाटा किंवा भोपळा. शिट्टी आली की आच बारीक. डाळ अर्धा तास भिजवून लावली तर दोन शिट्ट्या कमी लागतात. दोघांत आमचा १४.२ किलोचा सिलिंडर दोन महिन्यांच्या वर जातो. पालेभाजी लोखंडी कढईत करा, पण झाली की काढून ठेवा, नाहीतर काळी पडते.

उरलेल्या अन्नाचं काय?

शिळ्या भाकरीचा कुस्करा, पोळीचा फोडणीचा चुरा, वरणात कणीक मळून पराठे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भाताबद्दल मात्र सांगते. शिजलेला भात उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत परता. भात नासला तर वासावरून दर वेळी कळत नाही.

मी खोलीवर एकटा राहतो, एकच शेगडी आहे. जमेल का?

जमेल. तीन लिटरचा कुकर घ्या. तांदूळ एक भाग, मूग किंवा मसूरडाळ एक भाग (अर्धी नको, बरोबरीने घाला), मिळेल ती भाजी, हळद, मीठ, वरून कच्चं तेल किंवा तूप. शेजारी दही, काकडी किंवा टोमॅटो. सोबतीला एक किलो भाजलेले दाणे, एक किलो फुटाणे, गूळ आणि केळी ठेवा, म्हणजे रात्री अकराला बिस्किटाचा पुडा फोडावा लागत नाही. माझ्या भाच्याने पुण्यात परीक्षेची दोन वर्षं अशीच काढली. मेस महिन्यातून चार दिवस चवीसाठी.

आम्ही परदेशात आहोत. ज्वारी महाग पडते.

मग ज्वारीचा हट्ट कशाला? तिथे जे स्वस्त आहे ते घ्या. मसूर, चणे, कोबी, गाजर, गोठवलेला पालक, अंडी बहुतेक ठिकाणी परवडतात. फोडणी आपली, म्हणजे जेवण आपलं. आठवण झालीच तर थोडं ज्वारीचं पीठ आणून फ्रीझरमध्ये ठेवा.

आजीच्या काळी लोक चटणी-भाकर खाऊन ठणठणीत होते ना?

हे ऐकलं की मला त्रास होतो. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडत होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी नावाचा कोरडा खाऊ यांवर त्या घरातल्यांनी दिवस काढले. ती सांगायची, मिलोची भाकरी थापताना तुटायची, आणि आधी पोरं, मग पुरुष, उरलं तर बायका. ती वयाच्या पन्नाशीत वाकली होती. ती भाकरी काही तिने आवडीने निवडलेली नव्हती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. घरात काटकसर सुरू झाली की ती आधी कुणाच्या ताटातून होते, ते बघा. दूध मुलांना, अंडं नवऱ्याला, शेवटची उसळ सासऱ्यांना, आणि घरची बाई स्वतः भाजीच्या रश्शात भाकरी कुस्करून खाते. आमच्याकडे म्हणून एकच नियम कडक आहे. सगळ्यांची ताटं एकदम वाढायची आणि उसळीची वाटी सगळ्यांना सारखी. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना आधी अवघड वाटलं. आता त्याच ओरडतात, "तुझी वाटी कुठंय?"

अचानक पाहुणे आले तर एवढ्या थोड्या सामानात काय करता?

पिठलं. कांदा, लसूण, मिरचीची फोडणी, त्यात उकळी आलेल्या पाण्यात बेसन भुरभुरत एका हाताने ढवळत राहायचं, झाकण ठेवून दोन वाफा. शेजारच्या तव्यावर भाकरी. दाण्याची चटणी बरणीत असतेच. कांदा बुक्कीने फोडायचा, कोणी सुरी मागत नाही. ताक करायला दही कमी असेल तर वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून वाटीभर आणते, त्यांना बेसन कमी पडलं की त्या माझ्याकडे येतात.